आधी शून्य

कांदा-बटाटा मार्केटात वजनांवर शिक्का मारणं
ही माझी नोकरी.
पितळी मापं मखमलीच्या पेटीत घेऊन फिरते
आणि काट्यावर काही ठेवण्याआधी
रिकामा काटा बघते.
व्यापारी म्हणतात, मॅडम, मालाचं बघा ना.
मी म्हणते, आधी शून्याचं.

गाडी माझी साडेतीनशे सीसी,
नवा सायलेन्सर बसवल्यापासून
मुंब्रा बायपासच्या चढावर अडखळणारी,
पाठांतर कच्चं असलेल्या पोरासारखी
नेमकी त्याच ओळीवर.
डायनोवर लाव, सगळे म्हणाले.
कुणाच्या, ते कुणी सांगेना.

वागळे इस्टेटमधला पहिला.
काचेचं दार, गार हवा, कॉफी.
गाडी बाहेर उन्हात उभी,
इंजिन त्याने अजून ऐकलंही नव्हतं,
म्हणाला, चार हॉर्सपॉवर वाढवून देतो, लिहून घ्या.
मी लिहून घेतलं.
सवयीने खाली तारीखही घातली.

महापेच्या दुसऱ्याकडे आलेख होते,
लॅमिनेट केलेले, भिंतभर.
आधीची रेघ निळी, नंतरची लाल,
लाल प्रत्येक वेळी वर.
विचारलं, दोन्ही एकाच वेळच्या?
छे, निळी दुपारी दोनची, लाल रात्री नऊची.
गार हवेत इंजिन खूश असतं ना मॅडम.
त्याला वाटलं, मला काहीतरी शिकवलं.
शिकवलंच.
ओल्या गोणीसकट तोललेला लसूण
मी लांबून ओळखते.

तिसऱ्याचा पत्ता एका टायरवाल्याने दिला,
नाइलाजाने, कारण दोघांचं बोलणं बंद होतं.
माणूस तिरसट आहे, म्हणाला, पण
आणि त्या पण नंतर
तो पंक्चरकडे वळला.

तुर्भे एमआयडीसी, खदाणीच्या अंगाला,
हरेश्वर मढवीचा गाळा.
सकाळचे साडेआठ, शटर अर्धं वर.
रोलरवर भलतीच गाडी बांधत होता,
शंभर सीसी, टाकीचा रंग उडालेला,
सीटला सुतळीचे टाके.
गिऱ्हाइकाची?
वडलांची. बर्फ पोचवायचे हिच्यावर.
मग हिला ट्यून करताय?
हिला कुणी हात लावायचा नाही.

पट्टे आवळले. रोलर घुमला.
भिंतीवरचे पाने खिळ्यांवर किणकिणले.
पडद्यावर आकडा: पाच पूर्णांक आठ.
त्याने तो वहीत उतरवला,
शेजारी तारीख, तापमान, हवेचा दाब.
मागे पानंच्या पानं
रोजची एकच गाडी, एकच ओळ,
सात वर्षांची.
रोज पहिली हीच, म्हणाला,
मशीन खरं बोलतंय का बघायला.

मी रजेवर होते,
तरी हात पर्समध्ये शिक्का शोधत गेला.

माझी गाडी त्याने तीनदा पळवली, जागच्या जागी.
तिन्ही आकडे सांगितले,
नुसता मोठा नाही.
क्लच घसरतोय. आज ट्यून केली
तर त्या घसरण्याला ट्यून केल्यासारखं.
प्लेटा बदला, कुठेही बदला, मग या.
आणि किती वाढेल?
बघू.
हा शब्द आमच्या ऑफिसात नकारासाठी वापरतात.
इथे त्याचा अर्थ
बघू, एवढाच होता.

निघताना वही मागून घेतली.
पहिल्या पानावर सहा पूर्णांक दोन,
आज पाच पूर्णांक आठ.
उतरत चाललंय, मी म्हटलं.
गाडी म्हातारी होतेय
की मशीन कमी दाखवतंय?
पट्टा सोडता सोडता तो थांबला.
तेच तर कळत नाही.
मार्चमध्ये पुण्याहून मशीन तपासायला माणूस येतो,
त्यानंतर दोन-चार दिवस खात्री असते.
मग परत लिहायला लागतो.

तीन फेऱ्यांचे नऊशे घेतले. पावती न मागता दिली.

प्लेटा शनिवारी येतायत.
रविवारी मी आठलाच जाऊन उभी राहणार आहे.
माझ्या गाडीचं नंतर,
आधी त्या बर्फवाल्या गाडीचा
आकडा किती आला, ते बघायला.