फरक

आईची टेप सुरुवातीलाच झिजली आहे.
पिवळ्या पट्टीवरचा एक गेलाय, दोनाचं शेपूट उरलंय,
म्हणून ती माप दहापासून धरते
आणि वहीत लिहिताना दहा वजा करते.
सिम्प्लेक्सच्या अख्ख्या गल्लीचे ब्लाऊज
ह्याच वजाबाकीवर नीट बसलेत.

"सोड श्वास." सोडला. शहाण्णव.
"भर." भरला. माझे खांदे वर चढतात,
ती दोन बोटांनी त्यांना खाली बसवते.
शंभर.
"दहा वजा कर की," मी म्हणालो.
"कशाला? तुला फरकच बघायचाय ना."
फरक चार.
हवा पाच.
एक सेंटीमीटर हवा
रबाळ्याच्या कंपन्यांकडून येणाऱ्या वाऱ्यातून
उधार आणायची म्हटली तरी
मेडिकलला अकराच दिवस राहिलेत.

धावणं जमतं.
पाम बीच रस्ता जिथे खाडीशी येऊन
विसरल्यासारखा थांबतो, तिथून मागे फिरायचं.
विघ्नेश मोबाईल धरून उभा असतो,
कुत्री निम्म्या वाटेपर्यंत सोबत करतात.
पावणेबारा मिनिटं. काल अकरा चाळीस.
जे घामाने कमी होतं त्याची भीती नाही.
भीती आहे ती मी न केलेल्या गोष्टींची:
कोपराचा कोन, कानाचा पडदा,
सरळ उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना काय सांगतात ते.

वरच्या मजल्यावरचा पंकज किर्दत गुडघ्यांवरूनच परत आला.
आता पाठीला डिलिव्हरीची चौकोनी बॅग लावून
लिफ्ट बंद असलेल्या इमारती चढतो.
सात मजले. गुडघे तक्रार करत नाहीत.
मला जिन्यात भेटला की म्हणतो,
"उशी धरून झोप मधे," आणि हसत नाही.
मी धरून झोपतो.

सकाळी अंघोळ करून
ओला पाय लादीवर ठेवतो.
मधे खाच दिसली पाहिजे.
उजव्याला आहे. डाव्याला
आहे म्हटलं तर आहे.
पुन्हा ठेवून बघतो, जरा बाहेरच्या अंगाने,
जणू लादीला फसवलं की डॉक्टरही फसतील.

मग आप्पा बाहेर येतात.
त्यांचा ठसा सबंध उमटतो,
इस्त्री टेकवून उचलावी तसा.
तीस वर्षं कांद्या-बटाट्याच्या मार्केटात
पन्नास किलोची गोण त्या पायांवर उभी राहिली.
डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली.
शर्ट शिवताना आई दोन्ही खांदे वेगवेगळे कापते,
बाहेरून बघणाऱ्याला ते सरळच दिसतात.

रात्री दिवा घालवल्यावर
मी माझी पाठ झालेली यादी त्यांच्यावर चालवली.
तळवा: नाही. खांदा: नाही.
पाठीचा कणा: नाही. ऐकू येणं: उजव्या बाजूने बरं.
दातांची मोजणी त्यांच्या घोरण्यावरून केली.
खडकवासल्याच्या फाटकावर
त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नसतं.
मग मला माझीच लाज वाटली
आणि मी कुशीवर वळलो, उशीसकट.

रविवारी मार्केट बंद.
आई पुन्हा टेप घेऊन आली, मी पुन्हा चारावर अडलो.
चहाचा कप खिडकीत ठेवून आप्पा म्हणाले,
"माझं घे की."
"तुमचं कशाला?"
"बघू तरी."
तिने टेप गुंडाळली. बनियन वर सरकलं.
"सोडा."
त्यांनी सोडला, इतका हळू
की मला वाटलं आत अजून कुणीतरी श्वास घेतंय.
"भरा."
टेप तिच्या बोटांतून सरकत गेली.
ती आकड्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.
सात.

आप्पांनी श्वास तसाच धरून ठेवला,
मान जराशी पुढे,
कुणी तरी मागून आणखी एक गोण ठेवणार असल्यासारखी.
"झालं हो," आई म्हणाली.
"सोडा की आता."