टोचतं का?

आटपाडीहून सहाची एसटी.
गाठोडं मागच्या सीटवर बसवलं,
कंडक्टरनं त्याचंही तिकीट फाडलं.
आत अकरा घोंगड्या,
आणि अकरांना बांधून घेतलेली बारावी,
जुनी, लग्नातली,
जिचा काठ आमच्या सिदूनं दात येताना
चावून चावून दोरे केला.
ती मोजायची नसते.

विश्रामबागेत हॉल. तीन दिवसांचे अठराशे.
आर्वाडे मॅडम बऱ्या आहेत. म्हणाल्या,
हसत बसा वहिनी, आणि माहिती सांगा,
लोक माहिती विकत घेतात.

सांगितली.
कातरण कधीचं, मेंढरं कुणाची,
जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर,
चिंचोके भिजवून, भरडून, शिजवून खळ कशी करतात,
ऊन चढायच्या आत ती कुंच्यानं ताण्यावर कशी ओढतात.
माणूस कमरेइतका खड्ड्यात उतरतो,
पाय दिवसभर जमिनीच्या पोटात,
पाचव्या दिवशी एक घोंगडी वर येते.
एक बाई अय्या म्हणाली, आणि फोटो काढला.
घोंगडीचा नाही. माझ्या हाताचा.

मग सगळे तेच विचारतात,
कोपरा चिमटीत धरून,
दुसऱ्याच्या पोराचा गाल धरावा तसा:
टोचतं का?

टोचतं.
पहिली दोन-तीन वर्षं टोचतं,
मग ती तुम्हाला ओळखायला लागते.
शेजारच्या स्टॉलवर पानिपतची ब्लँकेटं,
साडेतीनशेला, मांजराच्या पोटासारखी.
मीपण हात फिरवून बघितला, कुणी नसताना.

पहिल्या दिवशी एक आसन गेलं.
दुसऱ्या दिवशी मोबाईलचे दोन पाऊच, तेही तुकड्यांचे.
एका पोरानं विचारलं, कुत्र्याला अंथरायला करून मिळेल का?
मिळेल की, म्हणाले, माप सांगा.
नंबर घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी आवरताना एक जण आला.
कुपवाडच्या पुढं हॉटेल काढतोय म्हणे.
अकरांकडं बघितलंसुद्धा नाही. टेबलाखाली वाकला.
ही केवढ्याला?
ही गाठोड्याची हो. जुनी आहे.
जुनीच पाहिजे. भिंतीवर लावायचीय.
कोपऱ्यात फाटलीय बघा.
तेच तर, म्हणाला.

सहा हजार.
नवी बावीसशेला कुणी घेईना.

नाकाशी धरावीशी वाटली, धरली नाही, लोक होते.
घडी घातली. चावलेला काठ आत दुमडला.
मग वाटलं, त्याचेच तर पैसे देतोय हा,
आणि काठ परत बाहेर काढला.

घरी पोचायला रात्रीचे अकरा.
मागावर बल्ब चालू. मालक खड्ड्यातच.
गाठोडं बघितलं, नव्या घोंगडीत बांधलेलं.
जुनी कुठाय?
मी पैसे मागाच्या लाकडावर ठेवले.
त्यांनी मोजले, धोटा वर ठेवला दाबायला,
ओठांतल्या ओठांत हिशोब केला,
लोकर, चिंचोके, भाडं, एसटी.
या खेपेला शिल्लक राहत होती.
काय करनार म्हनं तिचं?
भिंतीला लावनार.
भिंतीला थंडी वाजती व्हय?
आणि हसले. मग म्हणाले,
सिदूचा काठ व्हता तिला.

पहाटे गारठा पडला.
अकरांतली एक ओढून घेतली.
मानेला, पोटऱ्यांना, दंडाला टोचत राहिली.
दोघंही जागे.
वीस वर्सं लागतील हिला,
ते अंधारात म्हणाले,
तवा कुठं सहा हजार.

मी कूस बदलली.
जरा जोर लावून.