शेवटच्या सायकलीवरून

माझं काम मागे राहायचं.
पंप, दोन ट्यूबा, ठिगळांची डबी,
आणि डोकी मोजायची:
निघताना अकरा, मी धरून,
आणि प्रत्येक वळणानंतर अकरा.

म्हणून ही माणसं मला पाठमोरीच पाठ.
फेम्के बाजारात समोरून आली
तर क्षणभर ओळख पटत नाही,
पण तिची डावी टाच आत वळते
ती मी धुक्यातही ओळखेन.
हिल्केच्या मडगार्डवरचं गंजाचं बेट
गेल्या हिवाळ्यापासून किती वाढलं
ते त्याला ठाऊक नाही, मला आहे.

दर बुधवारी नऊला, चर्चच्या भिंतीपाशी.
आमच्या फ्रीसलंडात डोंगर नाहीत.
शाळेतल्या नकाशात हा भाग नुसताच हिरवा,
रंगवणाऱ्यालाही कंटाळा आला असावा.
पण वारा आहे,
आणि वारा म्हणजे माथाच नसलेला घाट.
सकाळी छातीवर घेतलात
म्हणून परतताना पाठीवर हात ठेवेल
असा काही त्याने शब्द दिलेला नाही.

तर, पुढचा वारा फोडतो,
मागचे त्याच्या आडोशाला.
पाच मिनिटं झाली की कोपर हलवायचं,
बाजूला व्हायचं, ओघळत मागे यायचं.
यात भलेपणा वगैरे नाही. हिशेब आहे.

विब्रेन कोपर हलवत नाही.
अठ्ठ्याहत्तर पूर्ण. जन्मभर लोकांची
दूधयंत्रं दुरुस्त करत हिंडला.
हिल्के ओरडतो, "पुरे आता!"
ते वारा खातो, किंवा विब्रेन खातो.

त्या बुधवारी समुद्राच्या बांधावर
मेंढ्या रस्ता सोडेनात. मग शेणखताचा वास,
मग येल्त्येच्या हॉटेलात सफरचंदाचा केक,
त्यावर साय हवी की नको
हा अकरा वर्षं चाललेला वाद,
आणि परतताना कालव्यावरचा पूल,
अर्धे पार झाले आणि घंटा वाजली.

पूल उभा राहिला.
खालून एक शिडाची होडी, अगदी निवांत.
पूलवाल्याने गळाच्या काठीला बांधलेला
लाकडी बूट खाली सोडला,
होडीतल्या बाईने त्यात नाणं टाकलं,
बूट डुलत डुलत वर आला.
मी मोजलं. अलीकडे सहा.
पलीकडे पाच,
थांबलेले, आमच्याकडे वळून.

त्यांचे चेहरे होते.

विब्रेनचा राखेसारखा.
तोंड उघडं, हॅंडलवर दोन्ही कोपरं टेकलेली,
आणि डोळे होडीवर, पण होडी निघून गेली
तरी तिथेच.
सगळ्यांच्या पुढे असतो
त्याचा चेहरा कोण बघणार?
आम्हाला दिसायची ती निळी पाठ,
आणि पाठ कधी दमल्याचं सांगत नाही.

पूल खाली आला. मी म्हटलं,
"विब्रेन, माझं मागचं चाक डुगडुगतंय, जरा बघतोस?"
तो वाकला. चाक फिरवलं. कान लावला.
चाक सरळ होतं, त्याला कळायला
एक फेरा पुरला.
स्पोकवर बोट ठेवून तो बराच वेळ बसला,
मग म्हणाला, "हळू चालवावं लागेल."
"मग तूही थांब मागे," मी म्हटलं,
"मध्येच काही झालं तर."

हिल्के मुकाट्याने पुढे गेला.
पुढे नऊ. मागे आम्ही दोघं.
उसाच्या पेरांसारखी लांबलेली रांग,
आणि कडेचे बोरू सगळे एका अंगाला झुकलेले.
तीन किलोमीटर तो काही बोलला नाही.
श्वास आधी शिट्टीसारखा, मग नुसता श्वास.

मग म्हणाला,
"ही फेम्के टाच आत टाकते."

"डावी," मी म्हटलं.

"किती वर्षं?"

मी ते मोजलेलं नव्हतं.