वरचा बोल्ट

तपकिरी ट्रक बापाचा, निळा आईचा.
मायनॉटच्या कोर्टात कागदावर तसंच लिहिलं होतं.
इंजिनांबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं.

बारा हिवाळ्यांत रस्त्यावरच्या मिठानं
तपकिरीचा पत्रा खालून खाल्ला;
पायाशी भोक, भोकातून डांबर पळताना दिसायचं.
निळ्याचं अंग अजून खणखणीत,
पण आत रॉड ठोकायचा,
रिकाम्या घराचं दार कुणी ठोकत राहावं तसा,
आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स
दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना
विचार करत बसायचा.

ऑक्टोबरात बापाचं लायसन्स गेलं.
नजरेच्या मधोमध धुकं, कडेकडेनं थोडं जग.
त्या रविवारी फोन आला, आईला नाही, मला:
"सिग्ने, माझं इंजिन घेऊन जा. गिअरबॉक्ससकट."
आणि ठेवला.

पेत्रोनं इंजिन उचलायची घोडी आणली,
भाडं म्हणून अर्धं हरीण ठरलं.
त्याच्याच गाडीतून बाप आला,
तपकिरी मागे दोरखंडाला.
शेडमध्ये पाना हाताला चिकटेल अशी थंडी.
मी वायरीवायरीला चिकटपट्टी लावली, वर आकडे,
बोल्ट कॉफीच्या डब्यांत, डब्यांवर नावं,
एकावर लिहिलं: नक्की कुठले माहीत नाही.
बाप उलट्या बादलीवर.
आकडे त्याला दिसत नव्हते;
बोल्ट तळहातावर तोलायचा आणि डबा बदलायचा.
बहुतेक वेळा त्याचंच बरोबर निघायचं.

गिअरबॉक्स इंजिनाला जिथं मिळतो
तिथला सगळ्यात वरचा बोल्ट
केबिनच्या भिंतीआड लपलेला.
आरसा धरा, बॅटरी धरा, दिसत नाही.
पेत्रोनं आधी युक्रेनीत शिव्या दिल्या, मग इंग्रजीत.
माझ्या बोटांची सालं निघाली.
बाप उठला. म्हणाला, "तो दिवा काढा तोंडावरचा,"
आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

तिथं कुणालाच दिसत नाही.
तिथं तो आमच्याहून कमी नव्हता.
गाल गार लोखंडाला टेकलेला, डोळे मिटलेले,
उशीखाली काही शोधावं तसं शोधत राहिला.
पाना बसला. एक कर्र.
मग बराच वेळ बोटांनी फिरवणं.
बोल्ट त्यानं माझ्या हातात ठेवला, कोमट.

इंजिन द्यायचं म्हटलं की इंजिनावर भागत नाही.
निळ्याचा शाफ्ट चार बोटं आखूड पडला,
म्हणून तपकिरीचा शाफ्ट.
मग क्लचचं पेडल. मग पेडलमागची पट्टी.
मग गिअरच्या दांड्याची घासून गुळगुळीत झालेली मूठ,
तिची तशी काही गरज नव्हती.

आई पहिल्या दिवशी दोन कप कॉफी ठेवून गेली,
दुसऱ्या दिवशीही दोनच.
तिसऱ्या दिवशी तीन.
कुणी मान वर केली नाही.

चौथ्या संध्याकाळी किल्ली फिरवली.
खोकलं, काळं थुंकलं,
आणि सहाच्या सहा सिलिंडर ओळीनं बोलू लागले.
एक व्हॉल्व्ह टिकटिकत होता. मी पान्याकडे हात नेला.
"राहू दे," बाप म्हणाला, "तो जुनाच आहे."
आई दारात आली, हात पिठाचे.
"हा आवाज वळणावर आला," ती म्हणाली, पेत्रोला,
"की मी बटाटे उकळत टाकायचे."
पेत्रो घोडीची साखळी गुंडाळत राहिला.

त्याला घरी सोडायला तीच निघाली.
मी मधे, गिअरच्या दांड्याला गुडघे चुकवत.
बारा वर्षांत तिनं क्लच दाबला नव्हता;
दात दातांवर खरखरले, दोनदा.
बाप काचेला डोकं टेकून,
गप्प, धान्याच्या कोठारापर्यंत, रुळांपर्यंत.
रुळांपलीकडच्या चढावर इंजिनाचा सूर वर चढला
आणि तो हळूच म्हणाला, "आता."
तिनं एक क्षण थांबून मग बदलला.
थांबली ती मुद्दामच, असं मला वाटतं.
गिअर लोण्यासारखा पडला.

तपकिरी शेडमागे उभा आहे, बॉनेट उघडं.
बंद करायचं राहूनच गेलं.
आत आता बर्फ साठलाय, इंजिनाच्या मापाचा.
आणि त्या डब्यात,
नक्की कुठले माहीत नाही,
सात बोल्ट उरले.
ट्रक मात्र चालतो.