पुढच्या कॅम्पला जाशील तेव्हा

सिंधू, लवकर जाऊ नकोस.
कॅम्प दहाचा म्हणतात, साहेब जळगावहून निघतोच दहाला.
चोपड्याच्या विश्रामगृहापुढे, निंबाच्या झाडाखाली
तेवढ्यात सगळ्यांची ओळख होऊन जाते.
माझ्या मागे वैजापूरकडचा एक पावरा पोरगा होता, जयला.
पायात बापाचे बूट, कारण कोणीतरी सांगितलेलं
की चपलेवर नापास करतात.
करत नाहीत. पण बूट त्याला शोभत होते.

झेरॉक्स मागत नाहीत. तरी ने.
न नेलेलीच मागतात.

मी रात्रभर चिन्हं पाठ केली.
लाल गोल म्हणजे मनाई, त्रिकोण म्हणजे जपून,
निळं म्हणजे कर.
केळीचे वेफर तळता तळता भटू विचारत होता.
अरुंद पुलाला मी शाळा म्हणाले
तर हसला. हाच भटू,
जो दर आखाजीला फोन बंद करून सासुरवाडीला जातो,
इको अंगणात उभी,
आणि शिरपूरचे दुकानदार मला विचारतात, माल कुठंय?
म्हणून तर शिकले.
नाहीतर सत्तेचाळिसाव्या वर्षी क्लच कशाला.

साहेबाने चिन्ह एकही विचारलं नाही.

मैदानात चुन्याने इंग्रजी एच आखतात.
तडवी मास्तर त्याला एका पायरीची शिडी म्हणतात.
मला तो झोका वाटला:
दोन दोर, मधे फळी.
एका दोराने मागे यायचं, फळीवरून पलीकडे,
मग दुसरा दोर.
रेघ ओलांडली की गेलं.

मास्तरांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही ब्रेक आहे.
तीन आठवडे मला वाटलं, मीच थांबवते.
परीक्षेच्या दिवशी मास्तर खाली उतरतात.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
त्यांच्या जागी साहेब बसतो, पाय लांब करून,
त्याचं लक्ष ना ब्रेककडे, ना तुझ्याकडे.
"कोकिळा निंबा पाटील?"
मी हो म्हणाले, तेही उशिरा.
खिडकीतून मास्तर म्हणाले,
"भिऊ नको ताई, गाडी तुले वयखस."

आणि बंद पडली.
पडेल, तुझीही पडेल.
आवाज एवढासा, पण पूर्ण मैदान ऐकतं.
हसू नकोस, सॉरी म्हणू नकोस,
न्यूट्रल कर, किल्ली फिरव.

मागे घेताना आरशात सातपुडा दिसतो.
त्याच्याकडे बघू नकोस. रेघेकडे बघ.
मी बघितलं.
चाक रेघेवर गेलं की नाही, अजून माहीत नाही.

एक दोर झाला, फळी अर्धी झाली,
साहेब म्हणाला, "चष्मा लागतो?"
म्हटलं, सुईत दोरा ओवायला.
"बस. उतरा. जयला कोण?"

दीड मिनिट, सिंधू.
पास झाले म्हणून पेढे मागितले, दिले.
पण ताट पूर्ण वाढावं
आणि पहिल्या घासाला कोणी हात धरावा
तसं काहीतरी आत राहून गेलं.

संध्याकाळी चहार्डीला, खळ्यात,
कढईखालची राख घेऊन एच आखला.
भटूला कडेला उभं केलं, इको काढली.
डावा दोर. फळी, पूर्ण फळी.
उजव्या दोराला वळले, तर
रेघेवर मधोमध
सायजाबाईची शेळी, रवंथ करत.
हॉर्न दिला. तिने एक कान हलवला.
भटू ओरडला, बाजूने काढ ना!
नाही काढली.
हँडब्रेक ओढला, काच खाली केली,
तिचं होईपर्यंत थांबले.

कॅम्पला हे नसतं.
पण मला विचारशील
तर शेळीची तयारी करून जा.