तीन मैलांच्या आत

शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली
चार टेबलं जोडून समुद्र अंथरलाय:
किनाऱ्यापासून तीन मैल,
मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीपुरता.
प्रत्येकाला एक पेन्सिल, बोलायला तीन मिनिटं.
मी कोपऱ्यात नोंदी लिहिते.

कालवांची शेती करणारी बाई बोलली,
पवनचक्क्यांचा माणूस बोलला, टाय सैल करत.
एका मुलीनं विचारलं, देवमाशांना कुणी विचारलंय का?
लोक हसले. मी तेही लिहिलं.

मग लॉबस्टरवाले, ओल्या बुटांनी.
पिंजरे टाकता तिथं गोल करा, म्हटल्यावर
सगळ्यांनी गोल केले.
सगळे खोटे.
मी त्यांच्यातलीच, मला कळतं.
चांगली जागा इथं कुणी बायकोलाही सांगत नाही.

जेर्मानु फुर्तादोनंही मारला एक, भलतीकडेच,
आणि अडीच मिनिटं शिल्लक ठेवून गेला.

खुर्च्या रचताना तो परत दारात.
"ती केबल कुठून नेणार म्हणालात?"
अधिकाऱ्यानं नकाशावर बोट ओढलं.
जेर्मानु त्या बोटाकडेच बघत राहिला.
मग खोडरबर मागितलं.

बापानं मरताना कानात सांगितलेली जागा
त्यानं इतकी सावकाश काढली
की पेन्सिलीची खरखर ऐकू आली.
कडेला लिहिलं: खडक. चौदा वाव. मे ते जुलै.

"नाव घालू?"
"वेडी का तू? उद्या पहाटे सगळे तिथंच."

नकाशा सोमवारी लायब्ररीत लागणार.
घरी भाऊ पिंजरे दुरुस्त करत बसलेला.
काय झालं सभेत?
काही नाही, म्हटलं,
कुणीतरी देवमाशांचं विचारत होतं.