वजनकाटा

ओझरला पहाटे सव्वातीनला
आधी खोकी चढतात काट्यावर, मग मी.
गांगुर्डे पेन्सिल जिभेला लावून लिहितात:
औषधं दोनशे दहा, सुटे भाग चारशे,
मॅडम छप्पन्न. "कमी झालात की."

एकच इंजिन. मागे सीटा नाहीत, जाळी आहे.
खाली निफाडकडे बागांतल्या शेकोट्या,
गारठ्याने मणी तडकू नयेत म्हणून
कुणीतरी माझ्यासारखंच जागं.
कसाऱ्यावर हिसका बसला की
मी मागच्या खोक्यांना सांगते,
प्रवाशांनो, पट्टे बांधून ठेवा.
कुणी बांधत नाही.
कुणी घाबरतही नाही.

लॉगबुकात चौदाशे अठ्ठ्याऐंशी तास,
चाळीस-चाळीस मिनिटांनी साठवलेले,
भिशीसारखे.
पंधराशे भरले की मोठ्या कंपनीत मुलाखत,
दीडशे खुर्च्या, आणि त्यांत माणसं.

गांगुर्ड्यांना सांगितलं.
दोरी आवळत म्हणाले,
"मग तिथं तुमचं वजन कोण करणार?"
कुणीच नाही.
तिथे पायलटचं वजन छापूनच येतं,
सगळ्यांचं एकच.

हे त्यांना काही पटलं नाही.
पेन्सिल कानामागे खोचली,
काट्यावरची धूळ बाहीने पुसली,
"या," म्हणाले, "आज किती ते बघू."